मागचं चाक

सायकलचा आरा तुटल्याचा आवाज एकदा ऐकला की कानातून जात नाही. टण्ण! तंबोऱ्याची तार तुटावी तसा, पण आपल्या खालून आलेला. मी तो पहिल्यांदा ऐकला नागपुरात, बजाजनगरच्या चौकाच्या थोडं अलीकडे, सकाळी पावणेसातला. सायकल घेऊन बावीस दिवस झाले होते. पाच-दहा पायडल मारले नाहीत तोच मागचं चाक डुलायला लागलं आणि दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासू लागलं. उतरले, हँडल धरलं आणि धरमपेठेतल्या शाळेपर्यंत सायकल हातात घेऊन चालत गेले. पहिला तास बुडाला.

माझं वजन तेव्हा 104 किलो होतं. आकडा मुद्दाम लिहिते आहे. सायकल निवडताना सगळ्यात कामाचा आकडा हाच आणि नेमका हाच आपण गिळून टाकतो. दुकानात मीही गिळला होता. विक्रेत्याने उंची विचारली, रंग विचारला, किती हजारांपर्यंत हवी ते विचारलं. वजन त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो मुलगा चांगला होता, मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिला असेल. त्याच्या सभ्यपणात आणि माझ्या संकोचात एकवीस गिअरची, अ‍ॅल्युमिनियमची, पुढे शॉकअप असलेली निळी सायकल माझ्या घरी आली.

दुसरा आरा नऊ दिवसांनी तुटला, तिसरा त्याच आठवड्यात. चौथ्या वेळी मागचा एक्सलच वाकला. दुकानात नेली तर आतल्या माणसाने चाक फिरवून पाहिलं आणि मला ऐकू येईल अशा आवाजात दुसऱ्याला सांगितलं, ‘वॉरंटीत नाही बसत, लोड जास्त आहे.’ लोड म्हणजे मी. घरी येऊन सायकलसोबतची पुस्तिका काढली. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, माणूस, सायकल आणि सामान मिळून 110 किलो. माझे 104 आणि सायकलचे 16. म्हणजे पहिल्या दिवशी टांग मारली तेव्हाच मी मर्यादेच्या दहा किलो पुढे होते. त्या रात्री मी रडले. सायकलसाठी नाही. इतक्या वर्षांनी एक गोष्ट स्वतःसाठी, हौसेने घेतली होती आणि तीही म्हणाली, तू नको.

मला सायकल हवी होती ती गुडघ्यांसाठी. चालताना सगळं अंग गुडघ्यांवर येतं, सायकलवर ते सीटवर बसतं आणि गुडघा फक्त फिरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते कारण डॉक्टरांचं. माझं खरं कारण बाबांची अ‍ॅटलस.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ती मिल, तिच्या पाळीच्या वेळांवर आमचं घर चालायचं. बाबांची सायकल काळी, नळीची, चामडी सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असलेली. पुढे नळीवर मी, मागे कॅरियरवर आई, आईच्या मांडीवर भाऊ आणि हँडलला पिशवी, अशी ती दर रविवारी महाल भागात आजीकडे जायची. कॅरियरला बांधून गव्हाचं अख्खं पोतंही आलेलं मला आठवतं. ‘लोड जास्त आहे’ असं त्या सायकलने कधी म्हटलं नाही. मग माझ्याच वाट्याला आलेली सायकल अशी का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

प्रतापनगरला एका कडुनिंबाखाली एक म्हातारे मिस्त्री बसतात. लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं, खोडाला ठोकलेल्या खिळ्यांवर जुन्या ट्यूबा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्यासमोर सायकल उभी केली. त्यांनी मागचं चाक उचललं, फिरवलं, थांबवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले,

“ताई, किती किलो असान जी तुमी?”

मी काही बोलले नाही.

“लाजू नका. मले आऱ्यांचा हिशेब कराचा हाये.”

मी सांगितलं. शिंप्याने छातीचं माप ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही, फक्त आकडा डोक्यात लिहून घेतला. माझं वजन इतक्या साधेपणाने तोवर कोणी ऐकून घेतलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही.

“फ्रेम नाही तुटत जी,” ते म्हणाले. “चाक तुटते. अन् तेबी मागचं.”

पुढचे दोन तास मी त्या कडुनिंबाखाली स्टुलावर बसून होते, आणि सायकलबद्दल जे काही मला खरंखुरं कळतं त्यातलं बरंचसं तिथलं आहे. उरलेलं नंतर वाचून ताडून घेतलं.

आपल्याला वाटतं, आपण चाकाच्या खालच्या आऱ्यांवर उभे असतो, खांबांवर छत असावं तसे. तसं नसतं. सायकलचा आरा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची तार. ती खांबासारखी उभी राहूच शकत नाही, लगेच वाकेल. चाक बांधताना सगळे आरे आधीच कचकून ताणलेले असतात. चाक जमिनीला टेकतं तिथल्या दोन-चार आऱ्यांचा ताण क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे गेलं की परत येतो. कमी, जास्त, कमी, जास्त. 26 इंची चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटर. माझं जाणं-येणं मिळून रोजचे दहा किलोमीटर, म्हणजे दिवसाला पाच हजारांच्या आसपास फेरे, महिन्याला लाखावर. लोखंडाची तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते, तेच इथे, पण डोळ्यांना न दिसता. आरा सहसा मधे तुटत नाही. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात जिथे त्याला कोपर असतं तिथे तुटतो. माझे तिन्ही तिथेच तुटले होते आणि तिन्ही चेनच्या बाजूचे. मागच्या चाकाला उजवीकडे दातेरी चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूचे आरे जास्त उभे आणि जास्त ताणलेले, डावीकडचे ढिले. शिवाय माणसाचं साठेक टक्के वजन मागच्याच चाकावर.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आरा नुसत्या ताणाने तुटत नाही, त्या जागी हवा त्याहून ढिला असला की तुटतो. ताण पुरेसा असला तर वजन आल्यावरही तो ताणलेलाच राहतो. ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याला पार सैल पडतो आणि परत झटका खातो. मिस्त्रीकाकांनी माझ्या चाकाचे आरे बोटाने छेडून दाखवले. एक ‘टिंग’, शेजारचा ‘टंक’, त्याच्या शेजारचा नुसताच ‘थप’. “कारखान्यात मशीन बांधते अन् देते पाठवून. पासष्ट किलोचा पोरगा बसला तं चालून जाते.” म्हणजे चाक मुळात कच्चंच होतं. माझ्या वजनाने ते फक्त लवकर उघडं पाडलं. हे कळल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

“मोजा,” ते म्हणाले. मी मोजले. बत्तीस.

“बाबांच्या सायकलीले मागं चाळीस रायते.”

जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 आरे, हा जुना इंग्रजी रिवाज आपल्याकडे वर्षानुवर्षं टिकला. मागे जास्त, कारण भार मागे. तेवढ्यात रस्त्यावरून गॅसच्या टाक्या लादलेली एक सायकल चालली होती. काकांनी हनुवटीने तिकडे दाखवलं. घरच्या टाकीत गॅस 14.2 किलो आणि रिकामी टाकी पंधरा-सोळा किलोची. भरलेली एक म्हणजे तीस. त्या माणसाने कॅरियरच्या दोन्ही अंगांना मिळून चार लटकवल्या होत्या. एकशेवीस किलो, आणि चालवणारा वर. हिंगण्याच्या बाजूने येणारे दूधवाले दोन्हीकडे वीस-वीस लिटरचे कॅन लावून फिरतात, तेही कॅन आणि माणूस मिळून माझ्याच पंगतीत बसतात. मी जन्मभर हे पाहत आले होते. भार वाहण्याचं शास्त्र या शहराच्या रस्त्यांवरून रोज माझ्या शेजारून जात होतं आणि मी शोरूममध्ये निळा रंग पाहत होते.

माझ्या आधीच्या सायकलचा एक्सल वाकला त्याचंही कारण त्यांनी हब उघडून दाखवलं. स्वस्त गिअरच्या सायकलीत दात्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी कसलेला असतो आणि उजवीकडचे छर्रे त्या गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतात. छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा लांबलचक तुकडा आधाराशिवाय लोंबतो. वजन आलं की तिथेच वाकतो. कॅसेटचा हब, म्हणजे ज्यावर दात्यांच्या चकत्या नुसत्या सरकवून बसवतात तो, वेगळा असतो, त्यात छर्रे फ्रेमच्या जवळ, बाहेरच्या टोकाला असतात. जड माणसाने गिअरची सायकल घेताना हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे, ‘मागचा हब कॅसेटचा आहे का?’ विक्रेत्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान पाहावं.

पहिल्यांदा मनात आलं, सरळ बाबांसारखीच घ्यावी. डबल डंड्याची, काळी. एका दूधवाल्याची चालवूनही पाहिली. बसल्याबरोबर पाठ सरळ झाली, स्प्रिंगांची सीट खाली दबली आणि वर आली, आणि मी चौथीत असल्यासारखं वाटलं. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. तिचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे, रबर चकचकीत मुलाम्याच्या रिमवर दाबणारे. रिम ओली झाली की ते नुसतं घसरतं. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये तिन्ही-त्रिकाळ पाऊस असतो आणि सायकलसकट माझे 120 किलो थांबवायला साठ किलोचा माणूस आणि त्याची सायकल थांबवण्यापेक्षा दीडपट जोर लागतो. दुसरं, एकच गिअर. सेमिनरी हिल्सचा चढ त्यावर माझ्या गुडघ्यांनी चढला नसता. मन मोडून ती परत केली. ती सायकल बनवणाऱ्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनी. बातमी वाचली त्या दिवशी बाबा असते तर काय म्हणाले असते, असं राहून राहून मनात येत होतं.

नातेवाइकांनी, दुकानदारांनी, सगळ्यांनी मला ‘लेडीज’ सायकल सुचवली. बाई आहे, अंगाने जड आहे, पाय वर टाकायला नको. त्यांच्या सांगण्यात काळजी होती, पण ते चुकीचं होतं आणि हे जरा ठासून लिहिते, कारण माझ्यासारख्या पुष्कळ बायका तिथेच फसतात. सायकलच्या फ्रेमचा दम तिच्या त्रिकोणात असतो. वरची नळी काढून खाली वाकवली की त्रिकोण मोडतो आणि पुढचा भाग मागच्या भागाशी पिळवटायला लागतो. हलक्या मुलीला ते जाणवत नाही. मला एका चालवून पाहिलेल्या सायकलवर वळणावर हँडल आणि सीट दोन वेगळ्या सायकलींची असल्यासारखी वाटली. मधला मार्ग आहे. डोंगरी सायकलींची वरची नळी मागे तिरपी उतरलेली असते. त्रिकोण शाबूत आणि पाय मागून सहज पलीकडे. कुर्ता-सलवारवर मी ती रोज चढते.

शेवटी मी घेतली ती लोखंडी फ्रेमची, 26 इंची, पुढे शॉकअपशिवाय साध्या चिमट्याची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. अ‍ॅल्युमिनियम वाईट असतं असं मी म्हणणार नाही. जाड नळ्यांच्या मजबूत फ्रेमा त्यातही येतात. पण लोखंड तुटण्याआधी वाकून सांगतं आणि गल्लीतला वेल्डिंगवाला ते जोडून देतो, माझ्या मनाला त्याचा आधार वाटतो. शॉकअप नको हे मात्र पक्कं होतं. स्वस्त शॉकअपमधली स्प्रिंग सत्तर किलोच्या हिशेबाने बसवलेली असते. माझ्याखाली ती उभ्या उभ्याच अर्धी दबायची आणि ब्रेक मारला की सायकल नाक खाली घालायची. जाड टायर तेच काम फुकटात करतो.

निळी सायकल मी विकली नाही, चाक दुरुस्त करून घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला दिली. तिचं वजन पन्नासच्या आसपास. तिच्याखाली ती पाखरासारखी चालते.

नव्या सायकलचं मागचं चाक मात्र मी पहिल्याच आठवड्यात उतरवून काकांकडे नेलं. छत्तीस भोकांची दुहेरी भिंतीची रिम, कॅसेटचा हब, चौदा नंबरचे आरे. (आऱ्याचा नंबर जितका लहान तितकी तार जाड. मला आधी उलटं वाटायचं.) सगळं मिळून चार हजारांच्या आत झालं आणि सायकलवर केलेला माझा सगळ्यात शहाणपणाचा खर्च तो.

त्यांनी ते बांधताना मी पाहत होते. मांडीवर हब. आधी नऊ आरे, एकाआड एक भोकातून ओवून रिमला अडकवलेले. मग दुसरे नऊ. मग हब थोडा पिळला आणि सगळे आरे एकदम तिरके झाले, फुलाची पाकळी वळावी तसे. तिसरे नऊ उलट्या दिशेने, प्रत्येक आरा तीन आऱ्यांना छेदून जाणारा, शेवटच्याला खालून घेतलेला. मग शेवटचे नऊ. सायकल उलटी करून चाक फ्रेममध्ये बसवलं, फ्रेमला एक खिळा बांधला, त्याचं टोक रिमपासून केसभर दूर. चाक फिरवलं. खिळा जिथे खरडला तिथे चावी. पाव फेरा. पुन्हा फिरवलं. “अर्धा नाही कराचा कदी, पावच.” हे तासभर. चाक सरळ झालं असं मला वाटलं तेव्हा त्यांनी दोन-दोन समांतर आरे दोन्ही मुठींत धरून जोरात आवळले, चाकभर. कट्-कट् असे आवाज आले. आरे आपल्या कोपरांत नीट बसले. चाक परत थोडं आउट झालं. परत पाव फेरा. शेवटी त्यांनी एका बाजूचे आरे छेडले आणि सगळे एका सुरात बोलले.

सीटबद्दल थोडं. अंग मोठं म्हणून सीट मोठी आणि मऊ घ्यावी, हे सगळ्यांना पटतं, मलाही पटलं होतं. जाड जेलची सीट घेतली आणि पंधरा दिवसांत मांड्या सोलवटल्या. बसायची ती दोन हाडं, बाकी सगळं फक्त घासतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाटावर ठेवून त्यावर पाय उचलून मिनिटभर बसले, उठल्यावर दोन खळगे दिसले. त्यांच्या मधलं अंतर मोजलं आणि त्याहून दोन बोटं रुंद, घट्ट सीट घेतली. प्लास्टिकचे पायडलही बदलून धातूचे लावले, ते सांगण्यासारखं विशेष नाही.

हवा मात्र विशेष आहे. टायरच्या अंगावर छापलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ मी हवा ठेवते, दर रविवारी पंपाने मोजून. कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायरच्या मधे चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. आपल्या सिमेंट रस्त्यांवर हे फार होतं. रस्ता गुळगुळीत, पण त्याची कड जुन्या डांबरापासून वर उचललेली. गाडी मागून आली, आपण कडेला उतरलो की तीन-चार इंचांचा धक्का. तिथे मी सीटवरून थोडी उठते, म्हणजे धक्का पाय घेतात, चाक एकटं घेत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की शेजारी मला हवा कमी ठेवायला सांगतात, टायर फुटेल म्हणून. हिशेब करून पाहिला. 50 पीएसआय हवा असेल आणि तापमान 20 अंशांनी वाढलं तर दाब वाढतो चारेक पीएसआयने. चांगल्या टायरला त्याचं काही नाही. सायकल सावलीत लावायची आणि मर्यादेच्या अगदी टोकापर्यंत भरायची नाही, इतकंच.

पहाटे फुटाळ्याच्या बाजूला गेले की सायकलवाल्यांचे घोळके दिसतात. कार्बनच्या सायकली, वीस-चोवीस आऱ्यांची चाकं. 2017 साली आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4800 किलोमीटर, एकट्याने पार करणारी शर्यत पूर्ण केली. ते वाचून मला आपल्याच घरचं कुणीतरी जिंकल्यासारखा अभिमान वाटला होता. ते घोळके मला ओलांडून जाताना हात करतात, मीही करते. आधी वाटायचं, माझ्याकडे पाहून काय म्हणत असतील. आता माझं लक्ष त्यांच्या मागच्या चाकाकडे जातं.

चौदा महिने झाले. एकही आरा तुटलेला नाही. वजन सहा किलोंनी उतरलं आहे, गुडघे जिना चढू देतात. मागच्या महिन्यात शाळेत एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली. मुलीच्या गणिताबद्दल बोलून झालं तरी ती उठेना. मग दाराकडे पाहत हळूच म्हणाली, “मॅडम, एक विचारू? माझ्यासारखीला सायकल जमेल का?” मी विचारलं, “वजन किती आहे तुमचं?” ती थोडी दचकली. मग तिने आकडा सांगितला. मी वहीचं मागचं पान फाडून त्यावर चार ओळी लिहून दिल्या, छत्तीस आरे, दुहेरी रिम, कॅसेटचा हब, साधा चिमटा. खाली कडुनिंबाचा पत्ता.

कार्तिकात मला रामटेकला जायचं आहे. कामठी, कन्हान, मनसर, एका अंगाने पन्नासेक किलोमीटर. रात्री धर्मशाळेत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, सायकल आडवी केली आणि मागच्या टायरवरून अंगठा फिरवला. नक्षी मधोमध झिजून सपाट झाली होती. पुढचा टायर अजून नव्यासारखा.

“पयले हा बदला,” म्हणाले. “मंग जा जी, कुटंबी.”

टायर सांगून ठेवला आहे. गुरुवारी येणार आहे.